पेनाची रेघ

नमस्कार श्रोतेहो. आज बोलूया कातडीला होणाऱ्या जंतुसंसर्गाबद्दल. पाऊस लागला की माझ्या दवाखान्यात पायांचीच गर्दी होते. गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्यात, म्हणजे चिखलात खेळायच्या सणात, लोळून आलेला पोरगा, लावणीहून आलेली बाई, दिवसभर ओल्या बुटांत उभा असलेला कामगार. चिखल बिचारा फुकट बदनाम होतो. गळू करणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू बहुधा आपल्याच अंगावर असतो. साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात तो बिनभाड्याने राहतो! १८८० च्या सुमारास अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश सर्जनला पुवात हे जंतू द्राक्षांच्या घडासारखे दिसले. त्यावरूनच हे ग्रीक नाव पडलं.

हा जंतू केसाच्या मुळाशी शिरला की केसतूड. अशी बरीच तोंडं एकत्र आली की काळपुळी, आणि ती झाली की मी आधी साखर तपासायला सांगतो. गळू पिळू नका. गरम पाण्याच्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा शेका. ते मोठं असेल तर आम्ही चीर देऊन पू काढतो.

मुलांच्या नाकातोंडाभोवती फोड फुटून मधासारखी पिवळट खपली धरते, ते इंपेटिगो. एकाच टॉवेलने ते घरभर फिरतं. बरं झाल्यावरही काही आठवडे लघवीकडे लक्ष ठेवा. ती काळ्या चहासारखी झाली किंवा सकाळी डोळे सुजले, तर मूत्रपिंडाला त्रास झालेला असू शकतो.

फार्मसीतून विचारून आणलेली ती 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब मात्र मला चीड आणते. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. लाली उतरते, खाज थांबते आणि आत जंतूंचं फावतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते सेल्युलायटिसला, म्हणजे कातडीच्या आतल्या थरांत पसरणाऱ्या जंतुसंसर्गाला. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आपण दुर्लक्ष करतो आणि त्याच भेगेतून जंतू आत जातात. पाय लाल, गरम, सुजलेला. अशा वेळी लालीच्या कडेने बॉलपेनाने रेघ मारा, म्हणजे लाली पसरते का ते कळेल, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. थंडी वाजून ताप आला, कातडी काळवंडली, किंवा दिसतं त्यापेक्षा दुखणं फारच जास्त असेल, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा.

औषध सुरू झाल्यावरही पहिल्या दिवशी लाली रेघेच्या थोडी बाहेर जाऊ शकते. पाय उशीवर उंच ठेवा. दोन दिवसांत ती मागे सरली नाही, तर पुन्हा दाखवायला या. नमस्कार.