घरी टाकलेले फासे

आजचा जाहीर विषय ‘पात्राचे सहा आकडे कसे काढावेत’ हा आहे आणि त्यावर एक ठोस प्रस्ताव मांडण्याचे मी कबूल केले आहे. मात्र इथे बसलेल्या बहुतेकांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रे वठवण्याचा खेळ खेळलेला असल्यामुळे स्ट्रेंग्थपासून करिष्मापर्यंतच्या, पात्राची ताकद आकड्यांत सांगणाऱ्या सहा गुणांची ओळख करून देत बसत नाही.

1974 च्या मूळ नियमांत तीन फासे टाकायचे आणि पडलेली बेरीज त्याच क्रमाने एकेका गुणापुढे लिहायची, एवढेच होते. शिवाय ते फासे खेळाडूने नव्हे, तर पंचाने टाकायचे होते. सरासरी साडेदहा, आणि अठरा पडण्याची शक्यता 216 मध्ये एक. पुढे 1979 मध्ये खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांनी चार पद्धती दिल्या. त्यांतली पहिली, म्हणजे चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडून देण्याची, आजही सर्रास चालते. तिच्यामुळे सरासरी 12.24 वर जाते आणि अठरा 1,296 मध्ये 21 वेळा पडते, म्हणजे शेकडा दीडच्या आसपास. हा दीड टक्का कृपया ध्यानात ठेवावा.

आमच्या गटात एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, कारण ते मागच्या रांगेत बसलेले असण्याची शक्यता दीड टक्क्याहून बरीच अधिक आहे. त्यांचा कागद नेहमी घरून भरून यायचा, त्यावर दोन अठरा आणि एक सतरा असायचेच, आणि विचारले की उत्तर ठरलेले, ‘घरी टाकले, हिच्यासमोर टाकले.’ सहा दानांत निदान दोन अठरा पडणे अडीचशेहून अधिक पात्रांत एकदा घडते. यांच्याकडे ते दर पात्राला घडत असे. जुन्या नियमांत पॅलाडिनला, म्हणजे धर्मनिष्ठ योद्ध्याच्या पात्राला, करिष्मा किमान सतरा लागायचा, म्हणून हे पॅलाडिनच आणायचे. एकदा त्यांचा पॅलाडिन मेला, तर पुढच्या बैठकीला त्याचा जुळा भाऊ तेच आकडे घेऊन हजर. अखेर डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पंचाने, सर्वांसमक्ष फासे टाकायला लावले. नऊ पडले, तेव्हा टेबल कलते असल्याचे निघाले. फासे बदलून, फुंकर मारून पुन्हा टाकले, तर सात. त्यावर गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘मला खरे म्हणजे बरेच दिवस चोरच खेळायचा होता.’

हसण्यासारखे आहे खरे, पण त्यांच्या शेजारी ज्याचा सर्वांत मोठा आकडा तेरा होता, तो मुलगा हे सारे निमूटपणे पाहत बसला होता. माझ्या मते आकड्यांची खरी अडचण हीच आहे: राक्षसापुढे दुबळे असणे खेळाडूला चालते, शेजाऱ्यापुढे दुबळे असणे मात्र दर बैठकीला सलते.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे आता थोडक्यात. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत 27 पॉइंटांत आकडे विकत घेता येतात, आठपासून पंधरापर्यंत. यात हेवादावा मिटतो. परंतु तेरा पाच पॉइंटांना आणि पंधरा नऊ पॉइंटांना पडत असल्याने सारेच एकसारखा हिशेब करतात, आणि प्रत्येक योद्धा आठ इंटेलिजन्सचा निपजतो. पंधरा, चौदा, तेरा, बारा, दहा, आठ हा तयार संच याच हिशेबाने बरोबर 27 चा होतो आणि त्यात तर दैवाला जागाच नाही.

माझा प्रस्ताव असा, की सहा दाने टेबलावर, सर्वांसमक्ष, आळीपाळीने टाकावीत, चार फाशांतला लहान सोडून, आणि ते सहा आकडे सर्वांचे समाईक समजावेत. कोणता आकडा कुठे लावायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. आकडे फारच पडेल आले, तर अख्खा गट दुबळा होईल आणि डीएमला राक्षस त्या बेताने निवडता येतील, जे एकच जण दुबळा असताना साधत नाही. क्रमानेच आकडे लिहून त्यांतून पात्र शोधण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी ती एका बैठकीच्या खेळात जरूर भागवावी. खेळाडू चारच असतील, तर उरलेली दोन दाने डीएमने टाकावीत. मधूनच येणाऱ्या खेळाडूला तेच सहा आकडे मिळतील, आणि पात्र मेले तर त्याच्या जुळ्या भावालाही तेच.