सेकंड-हँड: वस्तू, माहिती आणि माणूस

इंग्रजीच्या वर्गात मी हमखास एक प्रश्न विचारते. 'सेकंड-हँड' गाडी असते, मग 'फर्स्ट-हँड' गाडी का नसते? शोरूममधून निघालेल्या कोऱ्या गाडीला इंग्रज माणूस 'न्यू' म्हणतो, 'फर्स्ट-हँड' कधीच म्हणत नाही. फर्स्ट-हँड असतो तो अनुभव, फर्स्ट-हँड असते ती माहिती. दिसायला ही जोडी, पण वस्तूंच्या बाजारात तिच्यातला एकच शब्द चालतो.

असं का, ते 'हँड'मध्ये आहे. इथे हात म्हणजे ज्याच्याकडून आपल्यापर्यंत गोष्ट आली तो मधला माणूस. सेकंड-हँड हे विशेषण गोष्ट कुठल्या वाटेने आली ते सांगतं, ती बरी की वाईट ते सांगत नाही. आपण मात्र ऐकताक्षणी 'कमी प्रतीचं' असं धरून चालतो. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेल्या पुस्तकातला मजकूर आधी कुणी वाचला म्हणून झिजत नाही.

आपल्या गाडीबाजारात आणखी एक गंमत आहे. विकणारा सांगतो, 'साहेब, फर्स्ट ओनर गाडी आहे.' गाडी सेकंड-हँडच, पण आजवर एकाच मालकाच्या नावावर. तुम्ही घेतलीत की आरसीवर तुम्ही दुसरे मालक. इथे मालक मोजलेत, तिथे हात. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, फक्त एकमेकांत मिसळू नका.

लिहिताना मधली छोटी आडवी रेघ सांभाळा. ब्रिटिश वळणात ती सहसा देतात, अमेरिकेत दोन्ही शब्द जोडून एकच लिहितात. रेघ काढून शब्द सुटे केलेत की घड्याळाचा सेकंदकाटा होतो! शिवाय हा शब्द क्रियाविशेषणही होतो: 'आय बॉट इट सेकंड-हँड.' आणि 'सेकंड-हँड बुकसेलर' म्हटलं की विशेषण विक्रेत्याचं नसून पुस्तकांचं आहे, हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचं असतं.

माहितीच्या बाबतीत मात्र वाट महत्त्वाचीच. आपण 'ऐकीव' म्हणतो ती माहिती सेकंड-हँडच. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यातलं कलम 60 सांगायचं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे: पाहिल्याची गोष्ट असेल तर पाहणाऱ्याने सांगावी, ऐकल्याची असेल तर ऐकणाऱ्याने. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी हे तत्त्व टिकून आहे. मृत्युपूर्व जबाबासारखे अपवाद आहेत, कारण तिथे मूळ बोलणारा साक्षीला येऊच शकत नाही. मोबाइलवर 'फॉरवर्डेड' अशी खूण असलेला मजकूर पुढे ढकलताना हा फरक आपल्याला आठवत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

'सेकंड-हँड स्मोक' हा अर्थ वेगळाच. विडी-सिगारेट ओढतो एक, धूर जातो शेजारच्याच्या छातीत. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर लागू झाले, ते या शेजारच्यासाठीही.

आता एक वापर, जो मला अजिबात मान्य नाही. घटस्फोटित किंवा पुन्हा लग्न केलेल्या बाईला 'सेकंड-हँड' म्हणणारे लोक आजही भेटतात. शब्द वस्तूच्या प्रवासाचा आहे. माणूस कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जात नसतो. आणि हा शब्द पुरुषाला लावलेला मी ऐकलेला नाही. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा गावात बहिष्कारापर्यंत गोष्ट गेली, ती गोदूबाई विधवा होत्या म्हणून. कर्वे स्वतः विधुर होते, त्यांचंही ते दुसरंच लग्न होतं.