स्नायू किती, चरबी किती

[दृश्य: दोन मांड्यांच्या आडव्या छेदाच्या करड्या प्रतिमा, शेजारी शेजारी]

या दोन मांड्या. टेपने मोजल्या तर दोन्हींचा घेर सारखाच भरेल. आता आत पाहा. डावीकडे स्नायू गडद, भरीव, एकमेकांना लागून; चरबीची पांढरी कड फक्त त्वचेखाली. उजवीकडे तीच पांढरी छटा स्नायूंच्या मधे शिरली आहे, काही ठिकाणी तर थेट स्नायूत पसरली आहे.

घेर फसवतो. ड्युशेन या आनुवंशिक आजारात लहान मुलांच्या पोटऱ्या चांगल्या भरदार दिसतात, पाहणाऱ्याला वाटावं पोरगं दणकट आहे. प्रत्यक्षात तिथले स्नायूतंतू मरत असतात आणि त्यांची जागा चरबी घेत असते.

[दृश्य: एमआरआय यंत्र, टेबल आत सरकताना]

घेर जे लपवतो, ते एमआरआय दाखवतो. त्याचा सगळा व्यवहार हायड्रोजनशी. निरोगी स्नायूच्या वजनात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असतं, त्यात हायड्रोजन आहे. चरबीतही आहे. मग कोणता संकेत कोणाचा, हे ओळखायचं कसं?

चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रं ठरावीक गतीने घुमतात. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं एकक) यंत्रात सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख फेऱ्या. चरबीच्या रेणूंतल्या हायड्रोजनभोवती इलेक्ट्रॉनांचं आवरण जरा दाट असतं, म्हणून तो किंचित मागे पडतो. किती? सेकंदाला साधारण २२० फेऱ्या. एवढ्या प्रचंड आकड्यापुढे हे काहीच नाही, पण सगळं तंत्र याच फरकावर उभं आहे.

१९८४ साली संशोधक थॉमस डिक्सन यांनी हा फरक कामाला लावला. घड्याळाचे दोन काटे आठवा. एक जरा सावकाश, त्यामुळे कधी ते एकावर एक येतात, कधी विरुद्ध दिशांना. पाणी आणि चरबी २.३ मिलिसेकंदांनी विरुद्ध होतात, ४.६ मिलिसेकंदांनी पुन्हा एकत्र. दोन्ही क्षणी एकेक प्रतिमा टिपायची. एकीत पाणी अधिक चरबी, दुसरीत पाणी वजा चरबी. दोन्हींची बेरीज केली की उरतं पाणी, वजाबाकी केली की चरबी. फक्त उत्तराला दोनने भागायचं. गणित शाळेतलंच, सुचायला मात्र डिक्सन लागले!

[दृश्य: एकाच मांडीच्या दोन प्रतिमा: ‘पाणी’ आणि ‘चरबी’]

व्यवहारात ते इतकं सरळ राहत नाही. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे एकसारखं नसतं. ते बिघडलं की सॉफ्टवेअर गोंधळतं आणि एखाद्या भागातलं पाणी चक्क चरबी म्हणून दाखवतं. म्हणून आता दोनऐवजी अनेकदा सहा क्षण टिपतात आणि क्षेत्रातली चूक दुरुस्त करून घेतात. शेवटी प्रत्येक पिक्सेलला एक टक्केवारी मिळते: इथे चरबी इतकी.

खरं कष्टाचं काम त्यानंतरचं. कोणता पिक्सेल कोणत्या स्नायूचा? कड जरा बाहेरून आखली, तर दोन स्नायूंमधली चरबीही हिशोबात येते आणि टक्केवारी फुगते. पूर्वी माणसं एकेका चकतीवर हाताने रेषा ओढत. ब्रिटनमधल्या यूके बायोबँक या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पाने २०२५ साली १ लाख लोकांच्या स्कॅनिंगचा टप्पा गाठला. एवढा पसारा हाताने आखणं अशक्यच. ते काम आता संगणकाकडे गेलं आहे.

बाकीच्या तपासण्यांचं थोडक्यात. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण आले. बायोप्सीत एकाच जागेचा तुकडा मिळतो. डेक्सा हे कमी क्ष-किरणांचं स्कॅन चरबीविरहित वजन सांगतं, पण त्यात शरीरातलं पाणी आणि इतर अवयवही धरलेले असतात.

[दृश्य: धावपटूच्या पोटरीचा छेद, खाली वर्णपटाची रेषा]

टक्केवारी हाती आली तरी अर्थ लागतोच असं नाही. चरबीचे बारीक थेंब स्नायूपेशींच्या आतही असतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये ते भरपूर सापडतात, तसेच टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांमध्येही. एकाचं शरीर इन्सुलिनला उत्तम प्रतिसाद देतं, दुसऱ्याचं देत नाही. थेंब पेशीच्या आत आहेत की बाहेर, हे वर्णपट, म्हणजे कोणत्या गतीचा संकेत किती हे दाखवणारा आलेख, सांगू शकतो: दोन्हींच्या संकेतांची शिखरं किंचित वेगळ्या जागी दिसतात. त्यासाठी पाय क्षेत्राच्या दिशेला समांतर ठेवावा लागतो, नाहीतर शिखरं एकमेकांत मिसळतात.

आणि एक घटक निसटतोच. आजारी स्नायूत चरबीसोबत कोलॅजन या प्रथिनाचे कडक धागेही वाढतात. त्यांचा संकेत इतक्या लवकर विझतो की नेहमीचं स्कॅन तो टिपेपर्यंत काही उरलेलं नसतं. तो पकडण्यासाठी मिलिसेकंदाच्याही छोट्या अंशात संकेत टिपणाऱ्या पद्धतींवर काम चालू आहे.