उजव्या बाजूची खुर्ची

(माहितीपटाची संहिता. कराडची धावपट्टी. सकाळ. धुके.)

जानेवारीत कृष्णा आणि कोयनेवरून उठणारे धुके कराडच्या धावपट्टीवर येऊन बसते, आणि आगाशिवचा डोंगर नीट दिसू लागेपर्यंत येथे कोणी उड्डाणाची घाई करत नाही. कोयना प्रकल्पाच्या उभारणीच्या काळात तयार झालेली ही धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची आहे. तिच्या कडेला उभ्या असलेल्या चार आसनांच्या सेसना विमानाभोवती जी मुलगी फिरत आहे, ती वाळवा तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील आहे आणि तिच्या नोंदवहीत आजवर एकसष्ट तासांचे उड्डाण जमा झाले आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी तिला २०० तास पूर्ण करावे लागतील.

पंखाखालच्या झडपेला पारदर्शक पेला लावून ती थोडे इंधन काढते आणि पेला उजेडाकडे धरते. इंधनाचा रंग निळसर हवा आणि तळाशी पाण्याचा थेंब नको, कारण रात्रीच्या थंडीत टाकीतील बाष्पाचे पाणी होते आणि ते इंधनाहून जड असल्याने खाली बसते.

“पाणी?” प्रशिक्षक विचारतात.

“नाही, सर.”

“पुन्हा काढ.”

ती पुन्हा काढते. मग तेलाची पट्टी, मग पंख्याच्या पात्याच्या कडेवरून फिरवलेले बोट, मग पंखाच्या मागील झडपा हाताने उचलून त्या मोकळ्या हलतात की नाही ते पाहणे. शेवटी ती डाव्या पंखाखाली वाकते आणि बोटाएवढ्या एका नळीवरील लाल कापडी टोपण काढते. या नळीला पिटो म्हणतात. समोरून येणाऱ्या हवेचा दाब या नळीत शिरतो आणि त्यावरून विमानाचा वेग कळतो. टोपण काढल्यावर ती नळीच्या तोंडात डोकावून पाहते, कारण आपल्या घरांच्या खिडक्यांवर आणि कुलपांच्या भोकांत मातीचे घर करणारी कुंभारीण माशी अशीच एखादी नळी शोधत असते.

ही माशी आम्ही उगाच दाखवत नाही. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधील पोर्तो प्लाता येथून उडालेले बोईंग ७५७ विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील १८९ जण गेले. बरेच दिवस उभ्या असलेल्या त्या विमानाची एक पिटो नळी बुजलेली होती, आणि ती बहुधा अशाच माशीच्या मातीने बुजली असावी, असे तपासातून पुढे आले. कप्तानासमोरील काटा वेग फार वाढल्याचे सांगत राहिला. स्वयंचलित यंत्रणेने, म्हणजे ऑटोपायलटने, तोच खोटा आकडा खरा मानून विमानाचे नाक वर उचलले, आणि विमानाचा खरा वेग घटत गेला. त्या वेळी उजव्या बाजूच्या खुर्चीसमोरचा, सहवैमानिकासमोरचा काटा मात्र बरोबर होता. तो वेळेवर मानला गेला नाही. ही माणसांचीच चूक होती आणि ती झाकण्याचे कारण नाही, परंतु ती पकडण्याची सोय त्याच खुर्चीत होती, हे या माहितीपटाला सांगायचे आहे.

(इस्लामपूर रस्ता. पहाट. उसाने भरलेल्या टायरगाड्या.)

विमान आपोआप उडते म्हणजे काय, हे समजण्यासाठी गळीत हंगामातील हा रस्ता पाहावा. कासरा सैल सोडून गाडीवान उसाच्या मोळ्यांवर डुलक्या घेतो आणि बैल मात्र कारखान्याची वाट चुकत नाहीत. ऑटोपायलटही मूळचा असाच आहे. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या तरुणाने भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राच्या भरवशावर विमान सोडून दोन्ही हात वर केले, आणि त्याचा सहकारी चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून प्रवासी घेऊन आलेल्या ट्रायडंट विमानाची चाके लंडनच्या धावपट्टीला यंत्राने टेकवली. आज कराडचे हे छोटे विमान ज्या धुक्यामुळे थांबले आहे, त्याहून कितीतरी दाट धुक्यात दिल्लीत मोठी विमाने यंत्राच्या साहाय्याने उतरतात. मात्र त्यासाठी धावपट्टीजवळ महागडी रेडिओ यंत्रणा आणि दोन्ही वैमानिकांचे खास प्रशिक्षण लागते, आणि आडवा वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की विमान पुन्हा हातानेच उतरवावे लागते. २०२० साली एअरबस कंपनीने ही जमिनीवरील यंत्रणाही वगळून पाहिली. पाचशेहून अधिक चाचणी उड्डाणे करून, केवळ कॅमेऱ्यांनी धावपट्टी ओळखणारे विमान आपले आपण धावले, उडाले आणि उतरले. तेव्हा यंत्राला उडता येते का, या प्रश्नात आता फारसा दम उरलेला नाही.

प्रश्न खुर्च्यांचा आहे. एकेकाळी लांब पल्ल्याच्या विमानात पुढे पाच जण बसत. आधी रेडिओवाला गेला, मग दिशा काढणारा नॅव्हिगेटर गेला, आणि १९८९ मध्ये सेवेत आलेल्या बोईंग ७४७-४०० सारख्या विमानांनी फ्लाइट इंजिनिअरची खुर्चीही काढून टाकली. त्या तिघांची कामे यंत्रांनी चोख उचलली, हे मान्य करावे लागते. उरल्या दोन खुर्च्या, आणि आता नजर उजवीकडच्या खुर्चीवर आहे. लांबच्या उड्डाणात मधले काही तास एकाच वैमानिकाने समोर बसावे आणि दुसऱ्याने विश्रांती घ्यावी, अशी कल्पना विमान कंपन्या आणि विमाने बनवणारे काही वर्षे मांडत आहेत. युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेने याचा अभ्यास करून २०२५ साली असे नोंदवले की, आजच्या विमानांत ही पद्धत दोन वैमानिकांइतकी सुरक्षित असल्याचे पुरेसे सिद्ध होत नाही.

४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून उडालेल्या ए ३८० विमानाचे एक इंजिन हवेतच फुटले, तुकड्यांनी पंख भेदला, असंख्य तारा तुटल्या, आणि संगणकाच्या पडद्यावर बिघाडाच्या सूचनांची रांग लागली. त्या दिवशी योगायोगाने पुढे पाच वैमानिक होते. कोणती सूचना खरी, कोणती तुटलेल्या तारेमुळे आलेली, कोणती पाळायची आणि कोणती सोडायची, हे ठरवत त्यांनी जवळजवळ तासभर घालवला आणि ४६९ जणांना सुखरूप उतरवले. यंत्र तेव्हाही काम करत होते. अडचण इतकीच की ते एकाच वेळी फार बोलत होते.

(उसाचे रान. फवारणीचा ड्रोन.)

धावपट्टीपासून काही अंतरावर हा ड्रोन दहा लिटर औषध घेऊन उसावर फिरत आहे. तो चालवणाऱ्या माणसालाही सरकारी नियमांत रिमोट पायलटच म्हणतात. हा पडला तर दोन-चार सरी मोडतील. बांधावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आमच्याबरोबर आलेल्या मुलीला सरळच विचारले, “पोरी, उद्या मोठ्या इमानात बी डायवर नसला, तर तू शिकून काय करणार?”

“आबा,” ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही.

तिच्या शिक्षणासाठी घरच्यांनी जमीन तारण ठेवून कर्ज काढले आहे.

परवाना मिळाल्यावर तिला मिळणारी पहिली जागा उजव्या खुर्चीचीच असेल. तेथे बसून, कप्तानाचे हात पाहत, त्याच्या चुका टिपत आणि आपल्या दुरुस्त करून घेत, तिने एकूण १,५०० तास भरले की मगच ती विमान कंपनीच्या कप्तानपदासाठी लागणाऱ्या परवान्याला पात्र ठरेल. ती खुर्ची काढली तर डावीकडच्या खुर्चीवर बसणारी माणसे कोठे तयार होणार, याचा हिशेब वैमानिक कमी करून होणाऱ्या बचतीच्या कागदांवर आम्हाला अजून दिसलेला नाही.

(धावपट्टी. संध्याकाळ.)

ती आता शिकाऊ म्हणून डाव्या खुर्चीत बसली आहे आणि उजवीकडे प्रशिक्षक आहेत. तिसऱ्या फेरीला विमान धावपट्टीच्या अलीकडे किंचित तिरके होते. प्रशिक्षकांचे हात मांडीवरून सुकाणूपर्यंत येतात, तेथे क्षणभर थांबतात, आणि तिने विमान सरळ केलेले पाहून पुन्हा मांडीवर जातात. चाके टेकतात.

इंजिन थांबल्यावर ती नोंदवहीत एक तास दहा मिनिटे लिहिते, उतरते, डाव्या पंखाखाली वाकते आणि त्या नळीवर लाल टोपण पुन्हा चढवते.