बाल्कनीतून समुद्र दिसत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या लहानपणी रत्नागिरीत कुणाला गाडी लागत नसे, बोट लागत असे. मुंबईहून सुटलेली गोव्याची बोट बंदरापासून दूर उभी राही आणि आम्ही पडावात बसून तिच्यापर्यंत जायचो. पडाव वर-खाली, बोट वर-खाली, आणि मधल्या त्या एका क्षणात खलाशी दंडाला धरून वर ओढून घ्यायचा. वर गेलं की पथारी पसरायची, नाकाशी लिंबू धरायचं आणि डोळे मिटून पडायचं. ‘रोहिणी’, ‘कोकणसेवक’ ही नावं आमच्या पिढीला अजून पाठ आहेत. डिझेल, सुकी मासळी, कुणाची तरी कोंबडी आणि तोंडावर उडणारं खारं पाणी, हा माझा बोटीचा वास.

एवढ्या भांडवलावर मी मागच्या डिसेंबरात ‘युटोपिया ऑफ द सीज’ या जहाजावर चढले. लेक आणि जावई फ्लोरिडात असतात. लेक म्हणाली, “आई, तीनच रात्री आहेत. शुक्रवारी निघायचं, सोमवारी सकाळी घरी.” मी म्हटलं, एवढ्यात जाणार कुठे? ती म्हणाली, “कुठेच नाही. जहाजावर जायचं.”

तिचं बोलणं मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

ऑर्लँडोहून तासाभरावर पोर्ट कॅनव्हरल म्हणून बंदर आहे. शेजारीच केनेडी स्पेस सेंटर, जिथून रॉकेटं सुटतात. मुलूख सगळा सपाट. हमरस्त्यावरून समोर इमारतींची एक लांबलचक रांग दिसली. हे म्हणाले, “वा, गाव मोठं आहे.” जावई हसला. ते गाव नव्हतं, आमचं जहाज होतं.

ते रॉयल कॅरिबियन कंपनीचं. फ्रान्समध्ये सां-नझेर इथल्या गोदीत बांधलेलं, २०२४ च्या जुलैत प्रवाशांना घेऊन निघालेलं. लांबी सुमारे ३६२ मीटर, म्हणजे मुंबईच्या पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षाही जास्त. ग्रॉस टनेज सुमारे २,३६,०००. आता हे टनेज म्हणजे वजन नव्हे बरं का. मीही तसंच समजत होते. ते आतल्या जागेचं माप असतं. टायटॅनिकचं होतं ४६,००० च्या आसपास, म्हणजे तशी पाच जहाजं याच्या पोटात मावतील. एका खोलीत दोघं धरली तरी ५,६०० च्या वर प्रवासी, शिवाय दोन हजारांहून जास्त कर्मचारी. आमच्या कितीतरी गावांच्या जत्रेलासुद्धा एवढी माणसं जमत नाहीत.

चढतानाच आमची फजिती झाली. यांना सकाळी उठल्या उठल्या आपल्या हातचा चहा लागतो. म्हणून यांनी कुणाला न सांगता विजेची किटली बॅगेत कोंबली होती, सोबत चहापूड आणि आल्याचा तुकडा. संध्याकाळ झाली तरी बाकीच्यांच्या बॅगा खोलीच्या दाराशी आल्या, आमची येईना. मग निरोप आला, खाली येऊन बॅग ओळखा. खाली एका खोलीत फळीवर ओळीने इस्त्र्या, एक्स्टेन्शन बोर्ड आणि किटल्या मांडलेल्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी. यांच्या देखत यांच्या किटलीच्या गळ्यातही चिठ्ठी बांधली गेली. जहाजाला बुडण्याएवढीच भीती आगीची असते, त्यामुळे तापणारी कुठलीच वस्तू खोलीत चालत नाही, आणि हे तिकिटाबरोबरच्या कागदात स्पष्ट लिहिलेलं होतं. वाचलं कुणी नव्हतं. यांनी हातात पावती घेतली आणि लिफ्टमध्ये चकार शब्द काढला नाही.

नांगर उचलण्याआधी एक काम मात्र प्रत्येकाला करावंच लागतं. संकट आलं तर जमायची आपली जागा कुठली, ती जाऊन बघायची. फोनवर एक फिल्म पाहायची, सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे काय ते समजून घ्यायचं, मग त्या जागेवर जाऊन कार्ड दाखवायचं. २०१२ साली इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटून कलंडली आणि ३२ माणसं गेली. तिच्यावर त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची ही उजळणी झालेलीच नव्हती. तेव्हापासून नियम आवळले. लोक हसतखेळत येत होते, कार्ड दाखवून पुन्हा पोहायला पळत होते. मी मात्र कठड्याशी उभी राहून डोक्यावर टांगलेल्या पिवळ्या बोटी मोजत बसले. एकेकीत ३७० माणसं बसतात म्हणे. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला अशा वेळी ‘रामदास’ आठवल्याशिवाय राहत नाही. १७ जुलै १९४७, गटारीची अवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. माझी आजी ते सांगताना आवाज खाली आणायची. मी बोटी दोनदा मोजल्या.

जहाज धक्क्यावरून सुटलं ते कळलंच नाही. भोंगा झाला म्हणून कळलं. एवढं धूड, पण टगबोट न लावता जागच्या जागी वळलं. याला आपल्या ओळखीचं सुकाणूच नाही. खाली तीन प्रचंड पंखे आहेत, त्यांच्या मोटारी पंख्यांसकट पाण्यात लटकलेल्या, आणि त्या हव्या त्या दिशेला गरकन फिरतात. पुढच्या बाजूला आडवा जोर लावणारे आणखी पंखे. बाजूंना माशाच्या परासारखे पंख बाहेर निघतात, ते डोलणं मोडून काढतात. म्हणून तीन दिवसांत बोट लागलेला एकही माणूस मला दिसला नाही. मी पर्समध्ये लिंबू ठेवलं होतं. ते शेवटी यांच्या काळ्या चहात पिळलं.

आता आमच्या खोलीबद्दल. लेकीने बाल्कनीची खोली घेतली होती. मी पडदा सरकवला आणि समोर झाडं! खरी झाडं, वेली, विटांच्या पायवाटा, बाकांवर बसलेली जोडपी. या जातीच्या जहाजांचा मधला भाग उघडा असतो. दोन्ही बाजूंना चाळीसारख्या गॅलऱ्या आणि मध्ये आठव्या मजल्यावर बाग, वर आकाश. या बागेकडच्या खोल्या समुद्राकडच्यांपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतात, म्हणून लेकीने ती निवडली. अंधार पडल्यावर रातकिडे ओरडायला लागले. हे म्हणाले, “बघ, रातकिडेसुद्धा आणलेत.” आवाज झुडपातल्या स्पीकरमधून येत होता.

खरं सांगायचं तर या जहाजावर समुद्र शोधावा लागतो. तो असतो, पण कुठेतरी खाली, कडेला, दहा-बारा मजले उतरून. वर तलाव, घसरगुंड्या, गाणी, बर्फावरचं नाचणं, जुगाराची मशिनं आणि सन-क्रीमचा वास. लोक समुद्राकडे पाठ करून पाण्यात डुंबत होते. रात्री दोनला मला जाग आली आणि मी पाचव्या मजल्यावर गेले. तिथे चालायची लांब वाट आहे, वरून झाकलेली, कडेने उघडी. कुणी नव्हतं. खाली फेस कापत जाणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता, तेवढाच एक ओळखीचा. पण तोंडावर थेंब काही उडाला नाही. इतक्या उंचावर तो पोचतच नाही.

दुसऱ्या दिवशी नासाऊ. बहामाजची राजधानी. आता प्रश्न असा, की ही सगळी जहाजं अमेरिकेतून निघून बहामाजलाच का जातात? समुद्र निळा आहे, हे आहेच. पण मागे १८८६ सालचा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी निशाणाच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून माणसं घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवायची नाहीत, आणि फेरी मारून परत त्याच बंदरात यायचं तरी वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. यातली बहुतेक जहाजं परदेशी निशाणाची. आमच्या जहाजाच्या पाठीवर गावाचं नावच मुळी ‘नासाऊ’ लिहिलेलं! तीन रात्रींत जाऊन येण्याजोगं परदेश म्हणजे बहामाज. देशी बोटवाल्यांना जपण्यासाठी केलेल्या जवळजवळ दीडशे वर्षांच्या जुन्या कायद्याने त्या बेटांचं पोट भरतंय, याची मला गंमत वाटली.

नासाऊला त्या दिवशी धक्क्यावर आणखी चार जहाजं होती. सगळ्यांची माणसं एकदम गावात. रस्त्यावर टोप्या, पिशव्या, गाडीवाल्यांच्या हाका. आम्ही बाजार टाळून चढ चढून ‘क्वीन्स स्टेअरकेस’ पाहायला गेलो. अठराव्या शतकाच्या शेवटी गुलामांकडून चुनखडीचा अख्खा डोंगर हातांनी कापून घेऊन केलेला हा जिना. पासष्ट पायऱ्या. दोन्ही बाजूंना सरळसोट भिंती, त्यावर छिन्नीचे वण आणि शेवाळ. आमच्याकडच्या चिऱ्याच्या खाणीत उतरल्यावर असतो तसाच गारवा. पंधरा मिनिटं आम्ही तिथे बसलो, आणि सगळ्या सफरीत पैसे वसूल झाले असतील तर मला वाटतं तिथे. तिकीट नव्हतं.

तिसऱ्या दिवशीचं बेट कंपनीच्याच ताब्यातलं. खरं नाव लिटल स्टिरप के, कंपनीचं नाव कोकोके. मोठाल्या घसरगुंड्या, दोराला बांधलेला वर जाणारा फुगा. मी साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरले. निघाल्यापासून समुद्राला पहिल्यांदा हात लागला. खारट आहे याची खात्री करून घेतली.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते जेवणघरातल्या एका पोराबद्दल. तिथे तिन्ही रात्री तोच वाढपी येतो. पहिल्या रात्री मी लेकीला हळूच म्हटलं, “डाळ चांगली आहे, पण फोडणीच नाही.” पाणी ओतता ओतता तो थबकला. “आंटी, तुमी खंयचीं?” गोव्याचा, सासष्टीचा निघाला. सहा-सात महिन्यांचं कंत्राट, मग दीड-दोन महिने घरी, मग पुन्हा जहाज. बापही जहाजावर, आजोबाही. गोव्यात अशा माणसांना तारवटी म्हणतात, आणि कितीतरी गावांत घरटी एक तरी असतो. दुसऱ्या रात्री त्याने न मागता मिरचीचं लोणचं आणून ठेवलं, ते बहुधा त्यांच्या स्वतःच्या मेसमधलं होतं.

त्याचे आजोबा नोकरी शोधायला पणजीहून बोटीने मुंबईला यायचे. धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या गावांचे कूड असत. एका हॉलमध्ये गावच्या सगळ्यांच्या ट्रंका ओळीने लावलेल्या, भिंतीवर सायबाचा, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचा, फोटो, आणि जहाजावर बोलावणं येईपर्यंत तिथेच मुक्काम. मी विचारलं, पणजीहून कुठल्या बोटीने? नाव त्याला माहीत नव्हतं. पण तेव्हा ती वाट एकच होती. वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी असं करत मुंबई. मी म्हटलं, “अरे, म्हणजे तुझे आजोबा आमच्याच बोटीत असणार. आम्ही पडावातून चढत होतो तेव्हा कठड्याला टेकून बघत असतील.” त्याला पडाव म्हणजे काय ते सांगायला लागलं. बशा उचलायच्या थांबवून त्याने ऐकलं. शेजारच्या टेबलावरून हाक आली तसा पळाला.

आणखी एक गोष्ट मला परत आल्यावर कळली. २०२१ पासून मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला ‘एम्प्रेस’ नावाचं क्रूझ जहाज जाऊ लागलं, आपल्यातले पुष्कळ जण त्यावर जाऊन आलेत. ते जहाज १९९० सालचं. मूळ नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. कंपनी हीच, रॉयल कॅरिबियन. गोदीही तीच, सां-नझेरची. आणि बांधलं होतं मुद्दाम कशासाठी, तर मायामीहून बहामाजच्या तीन-चार रात्रींच्या सफरीसाठी! म्हणजे आम्ही गेलो तेच काम चौतीस वर्षांपूर्वी ती करत होती, आणि तेव्हा ती ‘भलंमोठं नवं जहाज’ होती. टनेज जेमतेम ४८,५००, तरी टायटॅनिकपेक्षा थोडी मोठीच. मधे नावं बदलली, मालक बदलले, आणि म्हातारपणी ती आमच्या कोकणच्या पाण्यात आली, त्याच रोहिणीच्या वाटेवर. फक्त रत्नागिरीला थांबत नाही.

कुणी जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी घाईघाईने सांगते. तिकिटाच्या आकड्यावर जाऊ नका. माणशी, दर दिवशी साधारण अठरा-वीस डॉलर बक्षिसी बहुतेक वेगळी लागते, इंटरनेट वेगळं, कोल्ड्रिंक वेगळं. जहाजावर रोख चालत नाही, सगळं एका कार्डावर, त्यामुळे खर्च होताना कळत नाही. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. आमची बॅग अडकली तेव्हा यांच्या बीपीच्या गोळ्या तिच्यातच होत्या. बहामाज म्हणजे परदेश, तेव्हा अमेरिकेत पुन्हा शिरता येईल असा व्हिसा आहे ना, हे आधीच नीट बघा. पर्यावरणाचं म्हणाल तर हे जहाज द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतं, काजळी आणि गंधक जवळजवळ नाही, हे खरं. पण त्या इंजिनांतून थोडा मिथेन न जळताच निसटतो, आणि तो हवा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी तापवतो. जाहिरातीत पहिलं वाक्य ठळक असतं.

सोमवारी पहाटे जाग आली तेव्हा जहाज परत त्याच धक्क्याला लागलेलं होतं. आम्ही खाली उतरत होतो आणि तासा-दोन तासांत नवी पाच-सहा हजार माणसं चढणार होती. बागेत पाणी घालणं चाललं होतं. रातकिडे बंद होते.

उतरण्यापूर्वी खालच्या त्या खोलीबाहेर रांग लागली होती. कुणाची इस्त्री, कुणाचा बोर्ड. यांनी पावती दिली, किटली घेतली, झाकण उघडून आत बघितलं. घरी पोचेपर्यंत ती मांडीवरच होती. लेकीच्या दारात बुटं काढायच्या आधी यांनी विचारलं, “प्लग कुठे आहे?”

नमस्कार.