मसाई माराला कधी जायचं? आधी पाऊस बघा, मग सुट्टी

मंडळी, आपल्याकडे ट्रिप ठरते ती शाळेच्या सुट्टीवरून. मे मोकळा आहे ना, मग मे मध्ये जाऊ, केरळ असो नाहीतर केनिया. केनियाच्या बाबतीत, म्हणजे तिथल्या मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या राखीव जंगलाच्या बाबतीत, हा हिशोब पार उलटा पडतो आणि आज मी मुख्यतः त्यावरच बोलणार आहे, कारण वर्षानुवर्षं पैसे साठवून एकदाच जाणारी माणसं चुकीच्या महिन्यात जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

आधी तिथला पाऊस समजून घेऊ. केनिया विषुववृत्तावर आहे, तिथे सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, आणि पावसाच्या ढगांचा पट्टा थोडा उशिराने त्याच्या मागे सरकत जातो. म्हणून पावसाळे दोन. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा साधारण ऑक्टोबर अखेरपासून डिसेंबरपर्यंत. जून ते ऑक्टोबर कोरडं, जानेवारी-फेब्रुवारी पण बऱ्यापैकी कोरडे. आणि बघा, आपला मान्सून घेऊन येणारे वारे जून-जुलैत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून वळूनच अरबी समुद्रावर येतात, पण आपण इकडे छत्र्या काढतो तेव्हा तिकडे गवत सुकायला लागलेलं असतं.

आता मे मध्ये प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. मारामध्ये बऱ्याच भागात काळी माती आहे, आपल्या विदर्भ-मराठवाड्यात असते तसलीच, त्यामुळे गावाकडच्या लोकांना मी जास्त सांगायची गरज नाही. एक चांगली सर आली की टायरच्या खाचा चिखलाने भरून चाक एकदम गुळगुळीत होतं, मग फोर बाय फोर लँड क्रूझर असली तरी ती सरळ जायच्या ऐवजी आडवी घसरत जाते, आणि एकदा चाक बसलं की दुसरी गाडी येऊन पट्टा बांधून ओढेपर्यंत तुम्ही तिथेच. त्यात गवत कमरेएवढं, सिंह वीस फुटांवर झोपलेला असला तरी दिसत नाही. २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला तर मारातल्या तालेक नदीला पूर येऊन काठावरचे कॅम्प पाण्यात गेले, पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. दर वर्षी असं होत नाही हे खरं, रेट पण कमी असतात, हिरवाई सुंदर असते, फोटोग्राफर मुद्दाम जातात. पण घरात लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर माझं स्पष्ट मत, मे नको.

मग कधी? जुलै ते ऑक्टोबर. शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीच्या जंगलातून विल्डेबीस्टचे, म्हणजे गायीएवढ्या मोठ्या हरणांचे, कळप गवताच्या मागे मागे उत्तरेला येतात आणि मारा नदी ओलांडतात. एक गोष्ट नीट लक्षात घ्या, क्रॉसिंगची तारीख कोणीही देऊ शकत नाही, जो देतो त्याच्याकडे बुकिंग करू नका. कळप काठावर येतो, पुढची जनावरं पाणी हुंगतात, मागची ढकलत असतात, धूळ उडते, तास दोन तास असं चालतं आणि कधी कधी सगळे वळून परत चरायला निघून जातात. म्हणून मारात निदान तीन-चार रात्री ठेवा, एका रात्रीत आटपणारं पॅकेज घेऊ नका. आणि स्वेटर! आफ्रिका म्हणजे ऊन असं डोक्यात असतं, पण नैरोबी साधारण १,७०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरहून उंच, आणि मारातसुद्धा जुलैच्या पहाटे उघड्या टपाच्या गाडीत १०-१२ अंशात वारा अंगाला झोंबतो.

शाळा बुडवायची नसेल तर दिवाळी चालते, दुपारनंतर एखादी सर येते, सकाळची सफारी बहुतेक मिळते. रिटायर्ड मंडळींनी मात्र फेब्रुवारीत टांझानियातलं नडुटू बघावंच. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, आखूड पौष्टिक गवत, आणि काही आठवड्यांत विल्डेबीस्टची लाखो पिल्लं जन्मतात, जन्मल्यावर काही मिनिटांत धडपडत उभी राहतात. मला विचाराल तर क्रॉसिंगपेक्षाही हे मोठं आहे.

आणि मे शिवाय इलाजच नसेल तर थोडं दक्षिणेला जा ना, दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर अभयारण्य किंवा बोत्सवाना. तिकडचा पाऊस एप्रिलपर्यंत संपतो, मे मध्ये आकाश स्वच्छ असतं.

तयारीतल्या दोन गोष्टी. केनियासाठी यलो फीव्हरची लस, ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी अपॉइंटमेंट लागते आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. सर्टिफिकेट नसेल तर परत आल्यावर इथे सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, त्यामुळे तिकिटं काढली की लगेच तिच्या मागे लागा. दुसरं म्हणजे केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती कडक आहे, तेव्हा चिवडा-चकल्या डब्यात भरा. आणि छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर साधारण १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत, मोठी ट्रॉली बॅग नैरोबीतच हॉटेलवर ठेवा.