एकाच संघात

(दृश्य : मुंबई, मरीन ड्राइव्ह. जिमखान्यांच्या पाट्या.)

पारशी जिमखाना. इस्लाम जिमखाना. हिंदू जिमखाना. मरीन ड्राइव्हवरच्या या पाट्या म्हणजे मुंबई क्रिकेटचा जुना नकाशाच. १९०७ साली इथे युरोपियन, पारशी आणि हिंदू संघांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७मध्ये पाचवा संघ आला. त्याचं नावच ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले! सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते या उरलेल्यांत. १९४३च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या.

धर्मावर संघ पाडण्याला गांधीजींनी १९४०मध्ये जाहीर विरोध केला. १९४६मध्ये पंचरंगी बंद पडली. रीत मात्र गेली नाही. आजही एकोप्यासाठी सामना ठेवायचा म्हटलं, की या मोहल्ल्याचा एक संघ आणि त्या आळीचा दुसरा, असंच बहुतेकांना सुचतं.

गोम इथेच आहे.

(दृश्य : गावातलं मैदान, टेनिस बॉलचा सामना.)

मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशातल्या आठ गावांत वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. खेळाडू सुमारे ८००, एका संघात पाच. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र. कोण कुठे खेळणार, हे सोडतीनं ठरलं. जे एका संघात खेळले, त्यांच्यात जातीबाहेरची मैत्री वाढली. जे एकमेकांविरुद्ध खेळले, त्यांच्यात एकंदरीत उलटाच परिणाम दिसला. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आयोजकांनी वाचायलाच हवा. वस्तीविरुद्ध वस्ती असा सामना चांगल्या हेतूनं भरवला, तरी तो नुकसान करू शकतो.

मग स्पर्धा भरवायची कशी?

नावनोंदणी एकेकट्याची घ्यायची. तयार संघ घ्यायचाच नाही. ‘आमची अकरा पोरं आहेतच’ म्हणून येणाऱ्यांना तिथेच नम्रपणे अडवायचं. नावांच्या चिठ्ठ्या वस्तीनुसार वेगळ्या डब्यांत टाकायच्या आणि सगळ्यांसमोर काढायच्या. आठ जणांचा संघ असेल तर चार इकडचे, चार तिकडचे. सात आणि एक असं करू नये. तो एकटा सीमारेषेवर उभा राहतो, शेवटच्या नंबरच्या लायकीचा ठरतो आणि दुसऱ्या रविवारी येतच नाही.

संघ मिश्र झाला म्हणजे काम झालं, असंही नाही. पाळवणकर बाळू हिंदू संघाचे अव्वल गोलंदाज. पण पुण्यात खेळत असताना या दलित खेळाडूला चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदूंचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३मध्ये त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना मिळालं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४मध्ये मांडलं, की नुसत्या सहवासानं पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान लागतो, ध्येय एक लागतं, एकमेकांवाचून अडावं लागतं आणि वडीलधाऱ्यांचा, संस्थांचा पाठिंबा लागतो.

हे सगळं नियमांत बसवता येतं. सामना आठ षटकांचा ठेवा आणि प्रत्येकानं एक षटक टाकायचंच, यष्टिरक्षकानंही. सलामीची जोडी दोन वस्त्यांतली. वीस धावा झाल्या की फलंदाज निवृत्त. बाकीचे बाद झाले तरच तो परत येणार. कर्णधार दर सामन्याला बदलायचा. पाण्याचा जार एकच, पेले सगळ्यांना सारखे.

(दृश्य : टी-शर्टचे गठ्ठे, भिंतीवर वेळापत्रक.)

टी-शर्टच्या रंगांत भगवा, हिरवा आणि निळा टाळलेला बरा. जांभळा आहे, पिवळा आहे, करडा आहे. वेळापत्रक लावताना शुक्रवारची दुपार मोकळी सोडायची. रमजान, गणपती, चौदा एप्रिल आणि दहावी-बारावीच्या परीक्षा आधी कॅलेंडरवर खुणा करून घ्यायच्या. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी आपला सामना नको. खायला केळी, वडापाव. बिर्याणी की पुलाव, हा वाद पहिल्याच महिन्यात ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

रोख बक्षीस ठेवलं की बाहेरचे खेळाडू घुसतात आणि प्रत्येक धावबादवर हुज्जत सुरू होते. नेत्याचा फ्लेक्स लागला की स्पर्धा कुणाची, हे परस्पर ठरून जातं. वर्गणी लहान आणि दोन्हीकडून सारखी घ्या, हिशेब फळ्यावर लिहा.

भांडण होणारच. ते झालं की खेळ दहा मिनिटं थांबवायचा. शिवी जातीवरून किंवा धर्मावरून असेल तर तो खेळाडू त्या सामन्यापुरता बाहेर, आणि त्याच्या जागी त्याच्याच संघातला कुणी दोनदा फलंदाजी करणार नाही. म्हणजे किंमत अख्ख्या संघाला पडते आणि त्याला आवरायला त्याचेच सोबती पुढे होतात. पंच शक्यतो दोन्ही वस्त्यांबाहेरचे आणावेत.

मुलींची लीग वेगळा विचार मागते. मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का आणि अंधारापूर्वी खेळ संपतो का, हे आधी पाहा. घरोघरी जाऊन आयांशी बोला. नुसत्या पत्रकावर मुली येत नाहीत.

किती दिवस खेळायचं? एका रविवारी फोटो निघतात, बाकी काही होत नाही. एकच संघ कायम ठेवून किमान आठ आठवडे हवेत, आणि त्यात सामन्यांइतकाच सरावही हवा. सरावाच्या कंटाळवाण्या तासांतच बोलणं होतं.

(दृश्य : इराक, काराकोशमधलं फुटबॉल मैदान.)

मर्यादाही माहीत असावी. आयसिसच्या तडाख्यातून बाहेर आलेल्या उत्तर इराकमध्ये सल्मा मूसा या संशोधिकेनं ख्रिस्ती फुटबॉल संघांपैकी काहींत सोडतीनं मुसलमान खेळाडू घातले. तिचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू सहा महिन्यांनीही मुसलमानांबरोबर सराव करत होते. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांविषयीची वागणूक फारशी बदलली नाही.

म्हणून मैदानाबाहेरचं काम वेगळं करावं लागतं. १९८४च्या दंगलीनंतर भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या, म्हणजे दोन्ही धर्मांचे रहिवासी आणि पोलीस यांच्या समित्या, बांधल्या. १९९२च्या डिसेंबरात मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. तरुणांच्या संघालाही असं काम देता येतं. मिरवणुकीच्या दिवशी दोन्ही वस्त्यांतले चार-चार जण ठरलेल्या नाक्यावर एकत्र उभे राहतात. त्यांच्याकडे एकमेकांचे आणि ठाण्यातल्या अधिकाऱ्याचे नंबर असतात. मोबाइलवर एखादा व्हिडिओ आला, की तो पुढे न ढकलता त्या वस्तीतल्या सोबत्याला फोन करून विचारतात : तुमच्याकडे खरंच काही झालंय का?

हंगाम संपल्यावर अर्जावर एकच रकाना ठेवा : पुढच्या वर्षी मिश्र संघात खेळणार का? नाव न घालता भरून घ्या आणि दोन्ही वस्त्यांचे ‘हो’ वेगळे मोजा. एकीकडे भरपूर आणि दुसरीकडे मोजकेच निघाले, तर त्या दुसऱ्या वस्तीत जाऊन बसा आणि कारण विचारा. बहुतेकदा वेळ, मैदानाचं अंतर किंवा एखादा पंच, असं काहीतरी दुरुस्त करता येण्याजोगंच निघतं.